गारुफालियाचं मीठ

गारुफालियाला हाडांची किळस कधी आली नाही. बेटावरची दफनभूमी अंगणाएवढी, त्यामुळे पुरलेल्या माणसाच्या वाट्याला पाचच वर्षं यायची. मग घरच्या बायका कबर उकरायच्या, गारुफालिया खड्ड्यात उतरायची, आधी कवटी वर काढून रुमालानं पुसायची आणि घरच्यांना तिचा मुका घ्यायला द्यायची. उरलेलं एकेक हाड लाल वाइननं धुऊन ती पत्र्याच्या पेटीत रचायची. काम झालं की हात धुऊन तिथंच भिंतीवर बसून पाव आणि ऑलिव्ह खायची. चाळीस वर्षं तिनं हे केलं.

किळस यायची ती जिवंत माणसांची, आणि ती गिळून ठेवायची तिला सवय नव्हती. मयताला येऊन स्वयंपाकघराकडे डोळे लावून बसणाऱ्या बायकांना ती तोंडावर विचारायची, "जेवायला आलात की रडायला?" आणि सगळ्यांत जास्त किळस यायची ती सख्ख्या भावाची, झान्निसची. त्याच्याशी ती त्रेचाळीस वर्षं बोलली नाही, तो मेला तोवर.

त्याचं कारण गावाला पाठ होतं. गारुफालियाचा नवरा जहाजावर होता, आणि तिची पहिली आणि शेवटची पोर दिवस भरण्याआधीच जन्मली आणि तासाभरात गेली. बाप्तिस्मा झाला नव्हता. तेव्हाच्या पाद्र्यानं दफनभूमीत जागा द्यायला साफ नकार दिला. बाप्तिस्म्याशिवाय पुरलेलं पोर व्रिकोलाकास होतं, असं गाव मानायचं. व्रिकोलाकास म्हणजे माती ज्याला पचवत नाही आणि जो उठून दारोदार हाका मारत फिरतो. झान्निसनं तिच्या कुशीतून ते गाठोडं उचलून नेलं आणि हात हलवत परत आला.

"कुठं ठेवलंस?" तिनं विचारलं.

"विचारू नकोस," एवढंच तो म्हणाला. पुढेही कधी बोलला नाही.

चाळिसाव्या दिवशी चर्चच्या पायरीवर, सगळ्या बायकांसमोर, गारुफालियानं त्याला शाप दिला. "तुला माती पचवणार नाही, झान्निस! कुजायचाच नाहीस तू!" या शापापुढे आपल्याकडचं 'तुझं वाटोळं होवो' म्हणजे आशीर्वाद वाटावा. त्यानंतर तिनं सगळ्या गावाची हाडं धुतली, आणि प्रत्येक पेटी बंद करताना आपल्या पोरीची पेटी नाही हे तिला आठवायचं.

यंदा मार्चमध्ये झान्निसची पाच वर्षं भरली. ती जाणार नव्हती. पण गावात हे काम येणारी दुसरी कुणी नव्हती, आणि भावाचा राग कामावर काढणं तिला हलकटपणाचं वाटलं. बायकांनी माती उकरली. आत झान्निस होता. हाडं नाहीत, अख्खा झान्निस. कातडं तपकिरी झालेलं, मिशा जागच्या जागी, सदऱ्याची बटणं लावलेली. आयुष्यात पहिल्यांदा खड्ड्यातून बाहेर यायला गारुफालियाला दुसऱ्याचा हात लागला.

डॉक्टर म्हणाला, चिकणमाती आहे, पाणी साचतं, शिवाय दवाखान्यातली ढीगभर औषधं अंगात होती. बायकांनी डॉक्टरचं ऐकून घेतलं आणि गारुफालियाकडे पाहत छातीवर क्रूस काढला.

"तुझंच तोंड गं बाई," शेजारीण असिमिना म्हणाली.

झान्निसला पुन्हा मातीआड केलं. तरुण पाद्री इसिदोरोस संध्याकाळी तिच्या ओट्यावर येऊन बसला. "मावशी, रीत तुम्हाला मी काय सांगू? ज्यानं शाप दिला त्यानंच मीठ पाण्यात विरघळवून कबरीवर शिंपडायचं. हे मीठ विरघळलं तसा माझा शाप विरघळो, म्हणायचं."

"आणि म्हटलं नाही तर?"

"तर दफनभूमीचं फाटक उघडंच ठेवावं लागेल. क्षमा करणारा केव्हाही येईल म्हणून शापाच्या कबरीपुढे कुलूप लावत नाहीत. आणि मावशी, मनात नसेल तर उगाच येऊ नका. मग ते नुसतं खारं पाणी."

"नुसतं खारं पाणी समुद्रात पुष्कळ आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

फाटक उघडं राहिल्याचा आनंद गावात एकालाच झाला. झान्निसचा मुलगा मारिनोस. बापाच्या घराचं त्यानं पाहुण्यांसाठी विश्रामगृह केलं होतं. बाप जमिनीतून अख्खा निघाला त्या दिवशी इतर रडत होते, तेव्हा या दिवट्यानं मोबाइलवर फोटो काढले. आठवड्याभरात त्यातला एक मोठा करून दारावर लागला, आणि मे उजाडता उजाडता पाहुण्यांना कबर दाखवण्याच्या दिवसाला दोन फेऱ्या सुरू झाल्या: खरा व्हॅम्पायर, खरी कबर, अजून जिवंत असलेला शाप. पाहुणे सिनेमातला गोरागोमटा, उंची कोटातला व्हॅम्पायर मनात धरून यायचे. गावाचा व्रिकोलाकास ढोलासारखा फुगलेला, लालबुंद शेतकरी असतो आणि तो लोकांची वाइन सांडतो, कोंबड्या मारतो, हे कुणी त्यांना सांगत नव्हतं. कबरीवर बसून ते फोटो काढायचे. एकीनं प्लास्टिकचे सुळे लावले होते. गारुफालिया दिवा लावायला गेली तर मारिनोसनं बोट दाखवलं, "हीच ती!" आणि वीस मोबाइल तिच्याकडे वळले. ती घरी येऊन भडाभडा ओकली.

चार दिवसांनी दारात हाक आली. "आत्या!"

तिनं ओ दिली नाही. बेटावर पहिल्या हाकेला कुणीच ओ देत नाही. व्रिकोलाकास एकदाच हाक मारतो. दुसऱ्यांदा मारतो तो जिवंत माणूस. मारिनोस हे विसरला होता, की दुसरी हाक मारायला त्याला वेळ नव्हता, कोण जाणे. तो सरळ आत आला आणि मिठाईचा डबा टेबलावर ठेवला.

"आत्या, ऐकलंय पाद्रीबाबा तुझ्या मागे लागलाय. एवढ्यात मीठबीठ काही करू नकोस हं. सप्टेंबरपर्यंत थांब."

"का रे?"

"फाटक बंद झालं तर माझा हंगाम बुडाला ना! तसंही तुला कुठं त्याला माफ करायचंय? फुकट काही मागत नाही मी." तो खुर्ची ओढून जवळ बसला. "शेवटच्या दिवसांत बाबांनी मला सांगितलं होतं. तुझी पोर कुठं आहे ते. तू सप्टेंबरपर्यंत गप्प बस, मी जागा दाखवतो."

गारुफालियाला वाटलं, आपल्या तोंडात कुणीतरी मेलेला उंदीर ठेवलाय.

"पाच वर्षं तुला माहीत आहे?"

"तू कधी विचारलंस? आमच्या घराचा उंबरा तरी ओलांडलास का?"

तो डबा तिनं उचलून बाहेर फेकला आणि मारिनोसला हाकललं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसापासून ती दुसरा कसलाही विचार करू शकली नाही. शेवटी तिनं स्वतःशी हिशेब मांडला: झान्निसला तसंही माफ करता येत नाहीच, मग त्याच्या मढ्याची जत्रा भरली तर भरली. पोर तर मिळेल. हा विचार आला त्या दिवशी तिला आपलीच शिसारी आली. तरी रविवारी दुपारी काळा रुमाल बांधून ती होकार द्यायला निघाली.

अठ्ठेचाळीस वर्षांनी तिनं भावाच्या घराचा उंबरा ओलांडला. मारिनोस मागे अंगणात पाहुण्यांना कॉफी देत होता. पुढच्या खोलीत व्हॅम्पायरच्या छातीत ठोकायच्या म्हणून विकायला ठेवलेल्या, लाल रंगवलेल्या लाकडी खुंट्यांची टोपली होती, आणि शेजारी काचेचं कपाट. कपाटात मखमलीवर काही हाडं मांडली होती. बोटाएवढी. वर पाटी: 'व्हॅम्पायरचं पिल्लू'.

गारुफालियाला चष्मा लावावा लागला नाही. मांडीचं हाड, दोन बरगड्या, कवटीचा कागदासारखा पातळ तुकडा. आणि त्यांच्यामध्ये कौलाचा एक तुकडा, त्यावर खिळ्यानं कोरलेला क्रूस. मेलेल्याच्या तोंडावर असा तुकडा ठेवला की आत काही अभद्र शिरत नाही, ही गावाची जुनी रीत. क्रूसाची उजवी भुजा जरा लांब होती. झान्निस कौलं भाजायचा, आणि आपल्या प्रत्येक कौलावर अगदी असाच, लांब भुजेचा क्रूस काढायचा.

"आत्या? अगं, ती बकरीची हाडं आहेत!" मारिनोस दारात उभा होता.

"चाळीस वर्षं मी काय बकऱ्या धुतल्या?"

त्याचं तोंड उतरलं. "पडवी बांधताना निघाली, लिंबाच्या झाडाखाली. जागा दाखवतो म्हटलं ते काही खोटं नव्हतं. जागा तीच ना!"

"लिंबाखाली? या अंगणात?"

"गावाबाहेर कुत्री उकरतील म्हणाले बाबा. आणि आईला सांगायची सोय नव्हती. मी तिच्या पोटात होतो तेव्हा. असलं पोर अंगणात आहे कळलं असतं तर घाबरून तिनं घर सोडलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू रोज येऊन बसली असतीस. मग तू शाप दिलास, आणि मग ते हट्टाला पेटले. तू काय कमी हट्टी आहेस?"

गारुफालियानं कपाट उघडलं. मारिनोस आडवा आला नाही; अंगणातले पाहुणे दारात गोळा झाले होते आणि मोबाइल वर करून उभे होते. तिनं एकेक हाड पदरासारख्या धरलेल्या एप्रनमध्ये घेतलं, कौल घेतलं, जाता जाता टेबलावरची लाल वाइनची बाटलीही उचलली.

"आत्या, आता मलापण शाप देणार की काय?" मारिनोसनं हसायचा प्रयत्न केला.

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला कशाला? तू नीट कुजशील. सुरुवात झालीच आहे."

दफनभूमीच्या भिंतीवर बसून तिनं आपल्या पोरीची हाडं धुतली. फार वेळ लागला नाही, फार नव्हतीच. इसिदोरोसनं पत्र्याची छोटी पेटी आणून दिली आणि कुठं ठेवू हे न विचारता गावाच्या पेट्या असतात त्या हाडांच्या खोलीत मधल्या फळीवर जागा केली. मग गारुफालियानं त्याच्याकडे वाटीभर पाणी आणि मूठभर मीठ मागितलं. भावाच्या कबरीपाशी बसून ती बोटानं पाणी ढवळत राहिली, तळाशी एक खडा राहिला नाही तोवर.

"शब्द सांगू का, मावशी?" इसिदोरोसनं विचारलं.

"येतात मला."

पण आधी तिनं भावाला हाक मारली.

"झान्निस."

थोडं थांबून, तो ओ देईल म्हणून, तिनं दुसऱ्यांदा हाक मारली.