कावळ्याला दिलेला शब्द

बसचा एसी अंगावर येतो, म्हणून कालिंदीबाई ओढणी डोक्यावरून घेतात आणि डोकं खिडकीला टेकतात. कानात अजून ते यंत्र आहे. टूरवाल्यांनी प्रत्येकाच्या कानात एकेक अडकवून दिलंय, म्हणजे गाईड बाई कितीही पुढं गेली तरी तिच्या बोलण्यातून कुणाची सुटका नाही. सकाळपासून ती बोलतेय. हे माल्टा बेट, हे देऊळ, ते देऊळ, हा दगड पिरॅमिडपेक्षा जुना, तो त्याहून जुना. टूर मॅनेजर वृंदा मागोमाग त्याचं मराठी करून सांगते. कालिंदीबाईंचे पाय सुजलेत, कणकेसारखे फुगून बुटात दाटलेत. वाकता येत नाही म्हणून सकाळी बुटाच्या लेसही वृंदानंच बांधल्या. दगड किती जुने याचं बाईंना काही नाही. जुन्या तर त्याही झाल्यात, पण त्यांना बघायला कुणी तिकीट काढलेलं नाही.

त्यांना इथं यायचंच नव्हतं. त्या एका कावळ्यापायी आल्यात.

नवरा मुरलीधर शेजवळ, मिरजेच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. गेल्या वर्षी गेला. दहाव्याला कृष्णाघाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसलेले, पण खाली एकही येईना. म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा मागं राहिली. भास्करभाऊजींनी हात जोडून कबूल केलं की दादा, घराची वाटणी नीट करतो. कावळे ढिम्म. मुलगा म्हणाला, आईला सांभाळतो. त्यावर एक कावळा उडूनच गेला. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला उठले, तेव्हा कालिंदीबाई पुढं झाल्या. मास्तरांच्या टेबलासमोर जन्मभर एक फोटो होता, मासिकातनं कापलेला. माल्टात जमिनीखालच्या थडग्यांत सापडलेली मातीची बाई, कुशीवर गाढ झोपलेली. शाळेतून आले की मास्तर तिच्याकडं बघत बसायचे. बाईंनी हात जोडले आणि सांगितलं, तुमची ती झोपलेली बाई मी बघून येईन. कावळा झपकन खाली आला.

सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. मेलेल्या माणसाची इच्छा कळली की घरादाराला हलकं वाटतं. ती पुरी करायला पाय कुणाचे झिजणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आता बस त्या बाईच्या म्युझियमकडंच चाललीय. यंत्रातला गाईडचा आवाज बारीक होत जातो. खरखर होते. मग कुणीतरी खाकरतं. तसं खाकरणारा माणूस जगात एकच होता.

"अगं, सरक जरा."

मास्तर शेजारी बसतात. तोच पांढरा शर्ट, तोच काळा अंगठा. कोळशानं चित्र काढायचं आणि अंगठ्यानं सावली पसरवायची, ही त्यांची रीत. मग तोच अंगठा दाराला, कपबशीला, उशीच्या अभ्र्याला. बाईंनी ते ठसे जन्मभर घासून काढले.

त्यांना नवल वाटत नाही. नवल वाटायलाही अंगात जोर लागतो. त्या नुसत्या सरकतात.

खिडकीबाहेर समुद्र आहे, मग समुद्र नाही, जिना आहे. दोघं उतरताहेत. खाली खडकात कोरलेल्या खोल्या, छतावर गेरूची गोल गोल नक्षी, आणि कोपऱ्यात मिरजेच्या घरातला ओटा. गॅसवर दूध ठेवलंय. बाई सवयीनं तिकडं वळतात.

"राहू दे," मास्तर म्हणतात.

"उतू जाईल."

"जाऊ दे."

मधोमध काचेची पेटी आहे. पेटीत मातीची बाज आहे. बाजेवर बाई नाही.

कालिंदीबाई काचेला नाक लावून आत बघतात. एवढे पैसे, एवढं विमान, एवढे पाय, आणि आता ही भवानी जागेवर नाही. "अहो, कुठं गेली ही? मी कावळ्याला शब्द दिलाय."

मास्तर हसतात. "कावळ्याला भूक लागली होती गं. गुरुजी उठले, जागा मोकळी झाली, आला तो."

पायाखाली घाटाच्या ओल्या पायऱ्या आहेत. समोर कावळे ओळीनं बसलेत, प्रत्येकाच्या कानात यंत्र, सगळे ऐकताहेत.

"मग तुमचं राहिलं होतं काय?"

मास्तर खाली बघतात. "तुला काढायची होती. झोपलेली."

"घरातच तर होते मी."

"जागी होतीस. मी झोपल्यावर झोपायचीस, मी उठायच्या आधी उठायचीस. एवढ्या संसारात तुझे मिटलेले डोळे मला दिसले नाहीत. म्हणून तो फोटो लावला."

हे ऐकून दुसरी कुणी विरघळली असती. कालिंदीबाईंच्या मस्तकात जातं. पण त्या इतक्या दमल्यात की रागही बसूनच येतो. त्या पायरीवर टेकतात आणि हळू म्हणतात, "मला झोपलेली बघायची होती, तर एक दिवस आधी उठून चहा करायचा होतात."

कावळेसुद्धा हलत नाहीत.

"सुचलं नाही," मास्तर म्हणतात.

"फोटो लावायचं सुचलं."

मास्तर बरोबर जागी मार खाल्लेल्या पोरासारखे उभे राहतात. मग खाली बसतात, बाईंच्या पायाशी. बाई पाय मागं घेतात. नवऱ्यानं पायाला हात लावायचा नसतो.

"मेल्यावर चालतं," मास्तर म्हणतात, आणि लेसची गाठ सोडतात. एक बूट, मग दुसरा. सुजलेला घोटा क्षणभर हातात धरतात. "पड आता."

काचेच्या आतली बाज आता बाईंच्या मापाची आहे. त्या आडव्या होतात, उशाला हात घेतात. कागदावर कोळसा घासल्याचा आवाज येतो. लांब कुठंतरी दूध उतू जातं. कुणी उठत नाही.

"शेजवळ काकू."

वृंदा वाकून हाक मारतेय. बस थांबलीय, सगळे उतरताहेत. ती हसून म्हणते, "चला, तुमची झोपलेली बाई इथंच आहे. एवढीशी आहे हं, तळहातावर मावेल. नाहीतर म्हणाल, हिच्यासाठी आणलं होय."

कालिंदीबाई पायांकडं बघतात. बूट सीटखाली शेजारी शेजारी ठेवलेत, लेस सुटलेल्या. पांढऱ्या मोज्यावर, घोट्याजवळ, अंगठ्याचा काळा ठसा आहे. रेघ अन् रेघ दिसतेय.

हात सवयीनं पुसायला जातो आणि थांबतो.

"तुम्ही जाऊन या," त्या म्हणतात. "मी झोपते."

वृंदा समजावते की काकू, परत इथं येणं होणार नाही, तुम्ही तर तिच्यासाठीच आलात. बाई कानातलं यंत्र काढून तिच्या हातात देतात.

"चहाच्या वेळेला उठवा. आणि चहा घेऊनच या."

बस रिकामी होते. कालिंदीबाई पाय सीटवर घेतात, ठसा घासला जाऊ नये म्हणून तो पाय वरच्या अंगाला. आणि भरदुपारी, सगळं जग जागं असताना, कुशीवर वळतात.