मधेच आमेन

माझं आणि वहिनीचं कधी पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिच्याबद्दल चुकून काही बरं बोलले तर कोणी त्याला माया समजू नये.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने माझ्या आईला सांगितलं, की तुमच्या घरात सगळे एकदम बोलतात आणि ऐकत कोणीच नाही. खरं असेलही, पण नव्या सुनेने हे बोलायचं का? जिभेला हाड नसतं म्हणतात, हिच्या जिभेला तर लगामही नाही. कौतुक करायचं म्हटलं की हिच्या जिवावर येतं. मी इतकी वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, त्यावर तिने आजवर एकदाच मत दिलं: "आज लवकर संपलं, बरं झालं."

हॉस्पिटलचे कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ती सुपरवायझर आहे. हाताखाली दहा-बारा बायका आणि तोंडासमोर दिवसभर वाफ. तिथून येतानाच तिचं डोकं तापलेलं असतं, असं माझा भाऊ म्हणतो. मी म्हणते, जातानाही तापलेलंच असतं.

अशा बाईच्या गळ्यात आमच्या चर्चच्या आधीच्या पाळकांनी मंडळीचा तरुण संघ मारला, कारण दुसरं कोणी घेईना. तेव्हा शुक्रवारच्या सभेला चार-दोन पोरं यायची, तीसुद्धा आयांनी ढकललेली. मला वाटलं, ही उरलीसुरलीही पळवून लावणार. झालं उलटंच. वर्षभरात हॉलमध्ये खुर्च्या कमी पडायला लागल्या.

तिने वेगळं काय केलं, हे मी ऑर्गनच्या सरावाला बसून तिरक्या नजरेने बघायची. एकतर वेळ झाली की सभा सुरू. एकच पोरगा आलेला असला तर त्याच्या एकट्यासमोर उभी राहून सुरू. येणाऱ्याला शिक्षा नको आणि न येणाऱ्याची वाट नको, म्हणायची. खुर्च्या स्वतः कधी उचलल्या नाहीत. जो तक्रार करेल त्याच्याच अंगावर काम. चहा पांचट झालाय म्हणालास? पुढच्या शुक्रवारी चहा तुझा. एक काम दोघांना कधी सांगायची नाही. दोघांना सांगितलं की कोणीच करत नाही, आणि वर भांडण सोडवायला हिला बसावं लागतं. सुरेल गळ्याच्या पोरीला एकदा गाऊ दिलं की पुढचे काही आठवडे तिला गप्प बसवायची, म्हणजे बेसुऱ्यांनाही तोंड उघडायची हिंमत व्हावी. त्या आठवड्यांत माझ्या कानांचे काय हाल व्हायचे ते मला विचारा! कोणा पोराशी वेगळं बोलायचं असेल तर हॉलमागच्या खोलीत, दार सताड उघडं, आणि दोघं बाहेरून दिसतील अशा खुर्च्या.

पण तिचा खरा हट्ट होता तो प्रार्थनेच्या विषयांचा. आमच्याकडे सभेच्या शेवटी पुढारी विचारतो, "विषय?" मग लोक सांगतात, आईचं ऑपरेशन आहे, भावाला नोकरी हवी, आणि त्यावर प्रार्थना होते. पद्धत चांगली आहे. पण चहाडीला याच्याइतकी सोयीची जागा जगात दुसरी नाही. डोळे उघडे ठेवून बोललात तर ती चुगली, मिटून बोललात तर ती दुसऱ्यासाठी देवाकडे मध्यस्थी. वहिनीने पहिल्याच महिन्यात नियम केला: ज्याचा विषय, त्याचंच तोंड. मैत्रिणीचा विषय आणायचा नाही, भावाचा नाही, "एका ओळखीच्या व्यक्तीचा" तर नाहीच नाही. एकदा एका पोरीने सुरुवात केली, "माझ्या शेजारणीच्या नवऱ्यासाठी..." तर ही म्हणाली, "शेजारीण आली की ती सांगेल. तू बस."

मग नवीन पाळकसाहेब आले आणि त्यांच्यामागून त्यांचे जावई. जावयाला सगळे गिटार म्हणतात. वाजवतो बरी, गळ्यात अडकवून मिरवतो त्याहून बरी. पाळकसाहेबांनी त्याला वहिनीचा मदतनीस नेमला. मदतनीस कशाचा, मांजराला दुधाची राखण. संघ त्याला हवा होता हे ऑर्गनच्या पेडललाही कळलं असतं.

वर्षातला एक रविवार आमच्याकडे तरुणांचा असतो. गाणी, वाचन, प्रार्थना सगळं पोरं करतात. त्या दिवशी मध्यस्थीची प्रार्थना गिटारने घेतली. मी ऑर्गनवर. डोळे मिटलेले, हात मांडीवर. त्याने आजाऱ्यांसाठी मागितलं, प्रवाशांसाठी मागितलं, आणि मग आवाज ओला करून म्हणाला, "आणि प्रभू, आमची एक बहीण. तिला वडील नाहीत. जी नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सोडून आज कित्येक महिने एका चष्म्याच्या दुकानात काम करत आहे, आणि रोज सकाळी कॉलेजला जाते असं सांगून आपल्या विधवा आईची..."

अख्ख्या मंडळीत नर्सिंगला गेलेली, वडील नसलेली मुलगी एकच. माझी.

"आमेन!"

हा आवाज वहिनीचा. चौथ्या रांगेतून, टाळी वाजवल्यासारखा. प्रार्थना तर अजून चालू होती! आणि माझं काय झालं सांगू? इतक्या वर्षांची सवय. आमेन कानावर पडलं की माझे हात आपोआप सुरांवर जातात. माझ्या घरातलं सगळं चव्हाट्यावर आलेलं, आणि हात प्रार्थना संपल्यावर गातात त्या तिहेरी आमेनचे सूर दाबत होते. सूर ऐकून मंडळीही सवयीने उभी राहिली आणि गायला लागली. गिटार तोंड उघडं ठेवून तसाच उभा. प्रार्थना मधेच संपली, आणि शेवटचा सूर माझ्याच हातून वाजला होता.

घरी पोरीने दार लावून घेतलं. मी बाहेरून नाही नाही ते बोलले. आतून एकच वाक्य आलं: "मामीला माहीत होतं."

दुसऱ्या दिवशी मी थेट लाँड्रीत गेले. लांबलचक हॉल, एका बाजूला मळक्या चादरींच्या ढकलगाड्या, दुसऱ्या बाजूला गरम रूळ, मधे बायका घड्या घालत उभ्या. वहिनी एका चादरीचं टोक धरून उभी होती. मी बोलायला तोंड उघडलं तर तिने दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"धर. हात रिकामे ठेवून इथे उभं राहता येत नाही."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तिने सोडलं त्या आठवड्यापासून. ओढ."

मी ओढली. घडी झाली, आम्ही एक पाऊल जवळ आलो.

"आणि मला सांगितलं नाहीस? मी तिची आई आहे, वहिनी! तिच्या फीसाठी मी दिवसभर चपलांच्या दुकानात लोकांचे पाय धरते!"

"म्हणूनच तिची जीभ उचलत नव्हती. मी दर शुक्रवारी तिच्या मागे लागले होते, आईला सांग, तूच सांग. काल उपासना झाल्यावर सांगणार होती. मी बरोबर येणार होते. सगळं ठरलं होतं आमचं."

"मग त्या गिटारला कोणी सांगितलं?"

पहिल्यांदाच तिच्या हातातलं टोक सैल पडलं. "मी दार उघडं ठेवते. बाहेर कोण कान लावून उभा आहे ते दिसलं नाही. ती माझी चूक." मग लगेच, "कोपरा नीट धर, सुरकुती पडतेय."

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"नाही."

चादरीची शेवटची घडी पडली तेव्हा आमची तोंडं हातभर अंतरावर होती. मला तिच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. तिनेही ते ओळखलं असावं, कारण चादर काढून घेतली आणि दुसरी दिली. त्या दिवशी मी तिच्याशी भांडत किती चादरी घड्या केल्या देव जाणे. येताना तिच्या हाताखालची एक बाई म्हणाली, "उद्या पण येणार का ताई?"

शनिवारी मंडळीच्या पंचांनी बैठक बोलावली. वहिनीवर दोन आरोप. एक, चालू प्रार्थना तोडली. दुसरा, मुलीचं खोटं आईपासून लपवलं. पहिल्यावर तिला समज देऊन भागलं असतं. संघ काढून घ्यायचा तर दुसरा हवा होता, आणि त्यासाठी मी हवी होते. पाळकसाहेबांनी स्वतः माझ्यासाठी खुर्ची ओढली. इतकी वर्षं मी त्या ऑर्गनच्या मोडक्या स्टुलावर बसते, कोणी त्याचा पाय दुरुस्त केला नाही.

"ताई, तुम्ही एवढंच सांगा," साहेब गोड आवाजात म्हणाले, "तुम्हाला अंधारात ठेवलं गेलं की नाही?"

समोर वहिनी बसली होती. लग्नाच्या त्या पहिल्या आठवड्यापासून मी या क्षणाची वाट बघत होते, असं म्हटलं तरी चालेल. नुसतं "हो" म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "ठेवलं. मला तिचा राग आहे आणि तो जाणार नाही."

पंचांनी माना डोलावल्या. गिटारने खाली बघितलं, पण पायाचा अंगठा ताल धरत होता. तो अंगठा बघितला आणि माझं टाळकं सरकलं.

"पण मला अंधारात ठेवलं ते एकीने," मी म्हटलं, "आणि माझ्या पोरीला भर उजेडात उघडं केलं ते याने. त्याला कधी बोलावताय?"

"त्यांनी नाव घेतलं नव्हतं," एक पंच म्हणाले. शहाणा माणूस, शाळेत मुख्याध्यापक होता.

"मग घ्यायचं तरी होतं! नाव घेतलं असतं तर निदान खोटंखोटं डोळे मिटावे लागले नसते. बाप नसलेल्या, नर्सिंगला गेलेल्या किती बहिणी आहेत तुमच्या मंडळीत? आणि प्रार्थना तोडली म्हणता, तर शेवटचा सूर मी वाजवलाय. मलाही काढा. उद्याच्या रविवारी गिटारवर म्हणा तिहेरी आमेन."

माझं संपलं तेव्हा मला वाटलं, वहिनी निदान एकदा माझ्याकडे बघेल. ती बघत होती, पण कशी? कपाळाला आठ्या घालून. "तुला कोणी सांगितलं होतं मधे बोलायला?" ती पुटपुटली. हे आभार!

माझ्या बोलण्याचा काही उपयोग झाला नाही. संघ गिटारकडे गेला. जावयाच्या हातात द्यायचंच ठरलं होतं, बैठक नुसती वरून झाकायला, मेजावर पसरायच्या कापडासारखी होती.

निर्णय सांगून झाल्यावर पाळकसाहेब मऊ झाले. म्हणाले, "आता प्रेमाने सोपवा. आमच्या जावईबापूंना जरा पोरांची माहिती द्या. कोणाच्या घरी काय आहे, कोण कशात अडकलंय, कोणासाठी विशेष प्रार्थनेची गरज आहे. तुमच्यापाशी सगळे बोलतात ना."

"बोलतात," वहिनी म्हणाली.

गिटार पुढे सरकून बसला.

"कोणाला चहाला लावायचं, कोणाला खुर्च्यांना, ते सांगते. वेळेवर सुरू करा. दोघांना एक काम देऊ नका."

"हो, हो. पण विषय?"

"आहेत."

"मग सांगा ना."

"ज्याचे आहेत त्याला विचारा. सांगावंसं वाटलं तर सांगतील." तिने पिशवी उचलली. "आणि नाही सांगितलं तर का नाही सांगत, ते स्वतःला विचारा."

ती निघाली. तिच्यामागून मीही. बोलायचं नव्हतं, पण घरं एकाच रस्त्यावर, करता काय? दोघी दोन कडांनी चाललो. दुकानं बंद होत होती, कोणीतरी दारासमोर बादलीभर पाणी ओतत होतं. ती भराभर चालत होती आणि मधेच तिने पदराने डोळे पुसले. मी बघितलं नाही असं दाखवलं. तिचं तिकडे होतं तरी काय? खुर्च्या, पांचट चहा आणि बेसूर पोरं. तरी माझ्या पोटात तुटलं. आता हे मी बोलून गेले, पण सुरुवातीला काय सांगितलंय ते विसरू नका.

कोपऱ्यावर तिचं घर येतं. ती वळणार, तेवढ्यात मला राहवलं नाही.

"वहिनी, एक सांग. आता तर संघही तुझ्याकडे नाही. माझ्या पोरीचं... अजून काही आहे का? मला माहीत नाही असं?"

ती थांबली. "नाही" म्हणणं किती सोपं होतं! कोणीही म्हटलं असतं. मी आयुष्यभर तिच्यावर विश्वास ठेवला नसता, पण ती रात्र तरी झोपले असते.

"आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्या दारात उभी राहून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. सगळ्या दिल्या, येत होत्या तेवढ्या. मग घरी आले. पोरगी मोरीशी भांडी घासत होती, पाठमोरी. माझी चाहूल लागली तशी तिची पाठ ताठ झाली. प्रश्न माझ्या ओठांवर होता. मी फडकं घेतलं, तिच्या शेजारी उभी राहिले आणि एकेक भांडं पुसायला लागले.