कापसाला भाव येईस्तोवर

कमलाकरराव एका जागी बसलेले कुणी पाहिले नव्हते. एवढा देह घेऊन माणूस इतका हलतो कसा, हे कोडंच होतं. कृषी खात्यात पर्यवेक्षक. घर यवतमाळला, गावं पांढरकवड्याच्या बाजूची. दिवसभर मोटारसायकलवर या शेतातून त्या शेतात, आणि संध्याकाळी घरी आले की स्वयंपाकघर ते फाटक, फाटक ते स्वयंपाकघर.

"बसा हो जरा," शोभाताई म्हणायच्या. "फरशी झिजली माझी."

"बसलो की भूक लागते."

"आणि फिरून?"

"फिरून जास्त लागते. पण डब्यांपासून लांब तरी असतो ना अर्धा वेळ!"

दुखणं बेंबीजवळ होतं. दोन हजार पाचच्या सुमाराला तिथे लिंबाएवढा फुगवटा आला. डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "हर्निया आहे. पण या पोटावर टाके टिकायचे नाहीत. आधी वजन उतरवा, मग या. आणि मध्येच आतडं अडकलं, तर असाल तिथून धावत या." हे 'असाल तिथून' कमलाकररावांच्या डोक्यात बसलं. असायचे ते कुठल्या तरी पांदणीत, गुडघाभर चिखलात. पोटाला पट्टा बांधून फिरायचे आणि प्रत्येक खड्ड्याला एक हात पोटावर जायचा.

घरचं जेवण शोभाताईंनी दोन दिवसांत ताळ्यावर आणलं. अडचण गावांची होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडून वाळायची ती वर्षं. ज्या घरात उद्या काय शिजवायचं याचा पत्ता नाही, तिथेही साहेब आले की चहा टाकला जायचा, साखर जरा जास्तच घालून. नाही म्हटलं की माउलीचा चेहरा उतरायचा. "आमच्या घरचा चालत नाई का जी?" यावर कुठला पर्यवेक्षक उत्तर देणार? दिवसाला आठ-दहा घरं. वजन उतरायचं सोडून चढलं.

मग त्यांनी मधुमेह असल्याचं सांगून पाहिलं. बंजारा तांड्यावरच्या हंसाबाईंनी, ज्यांना सगळा तांडा 'याडी' म्हणजे आई म्हणतो, लगेच चहातली साखर बंद केली आणि तेवढीच भरपाई म्हणून मिरचीची भजी तळली. मग उपासाचं निमित्त काढलं. तिथे तर साहेब पुरतेच फसले. सोमवारी साबुदाण्याची उसळ, गुरुवारी भगर, शनिवारी तळलेला बटाटा, वर शेंगदाण्याचा लाडू, "उपासाचं हाय, खा निवांत." आपल्याकडे जेवणाला एक वेळ मर्यादा आहे, उपासाला नाही.

शेवटी एका दुपारी हंसाबाईंच्याच ओट्यावर ते वैतागून म्हणाले, "याडी, व्रत आहे माझं. बाहेर फक्त पाणी. रोज."

"रोज? कायचं व्रत?"

त्यांनी मान वळवली. समोर लाल पडलेलं वावर. हंसाबाईंनी त्यांची नजर पाहिली आणि हात जोडले. "कापसासाठी, नाई? भाव येईस्तोवर?"

कमलाकररावांनी समोरचा पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. 'नाही' एवढा एकच शब्द बोलायचा होता.

आठवड्यात बातमी सगळीकडे. साहेबानं कापसासाठी अन्न सोडलं! चहा बंद, भजी बंद, घरोघर तांब्याभर गार पाणी आणि वर नमस्कार. वजन उतरू लागलं, पण माणूस आणखीच बेचैन झाला. पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर समोशाकडे हात जायचा आणि मागून आवाज यायचा, "साहेब, तुमी इथं?" हात तसाच वर जाऊन डोकं खाजवायचा. कधी सहा-सहा महिने काटा हलायचा नाही, सोडून द्यावंसं वाटायचं. पण सोडायचं कुठे? सगळा तालुका राखणीला बसला होता.

"भाव कोसळला की लोक माझ्याकडेच बघतात," ते शोभाताईंना म्हणायचे. "जसं काही मीच कुठे गुपचूप जिलेबी खाल्ली."

"खाल्ली का?"

"अर्धी."

अशी वर्षं गेली. डॉक्टर म्हणाले, "आता थोडंच राहिलं." आणि दोन हजार अकरा उजाडता उजाडता कापसाचा भाव असा चढला, की लोकांचा कानावर विश्वास बसेना. जिल्हाभर आनंद. धसका घेतलेला माणूस एकच.

तांड्यावर मोठी कढई चढली. सेवालाल महाराजांना लापशीचा भोग लागला आणि साहेबांचं व्रत सोडायला सगळे जमले. हंसाबाईंनी थाळी समोर ठेवली. तुपात न्हालेली लापशी, मध्ये विहीर करून आणखी तूप. कमलाकरराव उठले, बसले, पुन्हा उठले.

"याडी, कापसासाठी नव्हतं ते." त्यांनी सदरा वर करून पट्टा दाखवला. "याच्यासाठी होतं."

पहिले हसले ते तांड्याचे नायक लखीराम. "म्हंजे भाव आला आमाले, अन् फायदा तुमच्या पोटाले?"

हंसाबाई हसल्या नाहीत. "मले सांगतलं काहून नाई? पोट दुखते म्हनून?"

"मधुमेह म्हणालो, तर तुम्ही भजी तळली!"

"ते साखरेचं होतं. पोटाचं कुठं सांगतलं?" त्यांनी देवाकडे बोट केलं. "म्या रोज दिवा लावत होती जी, तुमच्या व्रताले."

कमलाकररावांनी सदरा खाली ओढला. मग हंसाबाईंनीच चिमूटभर लापशी त्यांच्या तळहातावर ठेवली. "देवाची हाय. येवढी खा."

इतक्या वर्षांनी जिभेला गूळ लागला आणि साहेबांचा हात आपोआप थाळीकडे गेला. हंसाबाईंनी थाळी सरकन मागे ओढली.

"बस! पोट हाय का कोठार?"

दुसऱ्या दिवशी ते पुढच्या गावी पोचले, तर बातमी आधीच पोचलेली. तिथल्या रामीबाईंनी पाण्याचा तांब्या दिला, पण नमस्कार केला नाही. दोन पावलं मागे सरून त्यांनी साहेबांचं पोट बाजूनं न्याहाळलं, पिकाची पाहणी करावी तसं.

"अजून हाय जी थोडं," त्या म्हणाल्या आणि उघडा राहिलेला चिवड्याचा डबा झाकून फळीवर वर ठेवला.