चाळीस लिटर खारं पाणी

डायलिसिस केंद्रात तिला सगळे काटाकाकू म्हणत. तोंडावर नाही, पण फारसं लपवूनही नाही. पहिल्याच महिन्यात नवऱ्याचं वजन होताना तिने तिथल्या वजनकाट्यावरून वाद घातला होता. "चपलांसकट वजन करता का माणसाचं? चारशे ग्रॅम नुसत्या चपलाच भरतात. तेवढं पाणी उगाच काढाल त्यांच्या अंगातून." नर्स हसली, पण पुढच्या आठवड्यात काट्याशेजारी 'चपला काढाव्यात' अशी पाटी लागली.

मोजणं तिच्या हातात मुरलेलंच होतं. तीस वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवत आली होती. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या किडन्या कामातून गेल्या, तेव्हा तिने तेच हात त्याच्या पथ्याला लावले. पाणी दिवसाला पाऊण लिटर. त्यातच चहा आला, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट. एका बाटलीला तिने तीन ठिकाणी लाल दोरा बांधला होता; सकाळचं, दुपारचं, रात्रीचं. मीठ दिवसाला दोन ग्रॅम. मिठाची बरणी माळ्यावर गेली, तीही स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही अशा कोपऱ्यात. दोघंही अळणी जेवत. जेवताना कोणी कुरकुरलं नाही आणि कोणी कौतुकही केलं नाही.

सुरुवातीला ती रडायची, मग बरेच दिवस चिडचिड करायची. पुढे तेही थांबलं. सुई टोचून टोचून बोटाची कातडी निबर होते, तसं काहीसं झालं होतं. केंद्रातली शेजारची खुर्ची रिकामी दिसली की ती विचारायची, "बदली झाली की गेले?" उत्तर ऐकायची आणि पिशवीतून बाटली काढून दोरा बघायची.

अशात केंद्राच्या भिंतीशी कोणीतरी समुद्राच्या पाण्याची एक छोटी टाकी आणून ठेवली. आत दगड, दगडांवर हलणारं मऊ प्रवाळ आणि बोटाएवढा एक मासा. ती नेमकी तिच्या नवऱ्याच्या खुर्चीसमोर आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास तो टाकीकडे बघत बसायचा. नोकरीत असताना तो इमारतींचे नकाशे काढायचा. महिन्याभरात त्याने आलेख कागदावर टाकीचाही नकाशा काढला आणि एका मंगळवारी तिच्या शिलाई मशीनवर ठेवला.

"आपण एक घेऊ," तो म्हणाला.

चार वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं. नको म्हणायला तिला कारण सापडेना, आणि हो म्हणायलाही. "कोपऱ्याचं माप घेते," एवढंच ती म्हणाली.

नणंदेला फोनवर कळलं, तेव्हा ती गप्प बसणारी नव्हतीच. "माझ्या भावाला घोटभर पाणी द्यायला तुझा जीव वर-खाली होतो, आणि माशांना तळं बांधतेस होय गं?"

"मासे डायलिसिसवर नसतात, वन्सं," ती म्हणाली आणि फोन ठेवून काज करायला बसली.

गुरुवारी ती दोघं शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. दुकानदार पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचा. उत्तर देण्याआधी प्रश्न विचारायची त्याची खोड अजून गेली नव्हती.

"चाळीसच लिटर? लहान टाकी सोपी असते असं वाटतं ना तुम्हाला?"

"नाही," नवरा म्हणाला.

"बरोबर. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. शंभर लिटरमध्ये एखादी चूक पचून जाते. चाळीसमध्ये दुसऱ्या दिवशी दिसते. मी नवख्याला शंभरचीच देतो."

काकूला यातलं काहीच नवीन नव्हतं.

"शंभरातलं दर आठवड्याला दहा लिटर बदलायचं, म्हणजे भरलेली बादली कोण उचलणार?" नवऱ्याने डावी बाही वर सारली. यंत्राला जोडायची शीर कोपरापर्यंत दोरखंडासारखी फुगली होती. "या हाताने वजन उचलायला बंदी आहे. उजव्यात आता तेवढा जोर नाही. चाळीसातलं चार लिटर ही उचलेल."

दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे नक्की कशाला हलवली ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग एकेक वस्तू काउंटरवर येत गेली. फिल्टर मागच्या काचेवर टांगायचा, कारण तो धुवायला पाण्यात हात घालावा लागत नाही. हीटर ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद होणारा. दिव्याला घड्याळ. पाण्यात लाट आणणारा पंप चुंबकाने काचेला चिकटणारा; दुसरा जास्त ताकदीचा होता, पण त्याचे स्क्रू बारीक, म्हणून नवऱ्याने तो मागे सारला. पाण्याचा खारटपणा मोजायला काचेची तरंगती नळी स्वस्त पडत होती. त्याने दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं यंत्र घेतलं. "नळीवरच्या रेघा हिला चष्म्यातून दिसायच्या नाहीत," तो म्हणाला.

"मी सुईत दोरा ओवते अजून," ती म्हणाली.

"रात्री नाही ओवत."

"फेस काढणारं यंत्र दाखवू?" दुकानदाराने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "एवढ्याशा टाकीला नको. पाणी बदलत राहिलात तर त्याची गरज नाही. पण हे घ्याच." त्याने एक छोटा खोका पुढे केला. "पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज जेवढं उडेल तेवढं गोडं पाणी वरून घालायला लागतं, नाहीतर खारटपणा चढत जातो. हे यंत्र पातळी बघून आपलं आपण घालतं. तुम्ही फक्त आठवड्याने डबा भरायचा."

"रोज किती उडतं?" तिने विचारलं. दुकानात शिरल्यापासूनचा हा तिचा पहिलाच प्रश्न.

"अर्धा लिटर. हवा कोरडी असली तर पाऊण."

"पाऊण," ती म्हणाली.

नवऱ्याने तो खोका बाकीच्या वस्तूंशेजारी नीट लावून ठेवला. तिने सगळ्यावरून नजर फिरवली. कापड कोणाच्या अंगासाठी बेतलंय, हे तिला शिवण न उसवता कळत असे. काउंटरवर जे मांडलं होतं ते सगळं तिच्या मापाचं होतं. तिला एकटीला उचलता येईल, एकटीला धुता येईल, एकटीला दिसेल असं. त्याच्या मापाचं त्यात काहीच नव्हतं.

"हे नको," ती त्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाली.

"अगं, सगळ्यात उपयोगाचं हेच आहे."

"नको. पाणी तुम्ही घालायचं. रोज."

"आणि मी नसेन त्या दिवशी?"

दुकानदार एक आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

"सोमवार, बुधवार, शुक्रवारच ना? दुपारी दोनला घरी येता की. आल्यावर घालायचं."

"मी त्या दिवसांबद्दल बोलत नाहीये."

"मी त्याच दिवसांबद्दल बोलतेय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "बाकीचं सगळं घ्या तुमच्या मनासारखं. हे नाही."

नवऱ्याने खोका उचलून परत फळीवर ठेवला. चुकून तो उलटा राहिला, तो त्याने पुन्हा सुलटा केला.

दुकानातून क्षार काढलेल्या पाण्याचे कॅन आले, वाळू आली, दगड आले आणि मिठाचं एक बादलीएवढं डबडं आलं. मिठाचं डबडं चार वर्षांनी प्रथमच स्वयंपाकघराच्या ओट्यावर, हाताशी बसलं. लिटरला छत्तीस ग्रॅम, असं त्यावर लिहिलं होतं. म्हणजे नवऱ्याचे अठरा दिवस, तिने मनात हिशेब केला. दहा लिटरची पहिली बादली भरली, काट्यावर तीनशे साठ ग्रॅम मीठ तोललं आणि ती पाण्यात घालू लागली.

पुरेसं ढवळून झाल्यावर नवऱ्याने खारटपणा मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. "बावीस."

"म्हणजे?"

"पस्तीस यायला हवं. किती घातलंस?"

"तोललेलं घातलं."

त्याने काट्याकडे बोट केलं. परातीत वाटीभर मीठ तसंच उरलेलं होतं. तिने बघितलं. हात कधी थांबला, ते तिला आठवेना.

"पुरे की तेवढं," तिच्या तोंडून निघून गेलं.

"अगं," तो म्हणाला, "त्यांना पथ्य नाहीये."

आणि तो हसला, पाठ भिंतीला टेकवून, बराच वेळ. ती हसली नाही. पण तिने परात उचलली आणि उरलेलं मीठ बादलीत उलटं केलं.

सहा आठवडे टाकीत जिवंत काही सोडायचं नाही, असं दुकानदाराने बजावलं होतं. पाणी तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. दगडांवर तपकिरी बुरशीसारखं काही आलं आणि तिसऱ्या आठवड्यात कमी झालं. नणंद येऊन स्टुलावर बसून बघून गेली.

"मासे कुठायत?"

"यायचेत."

"मग एवढं दिवा लावून बघायचं काय?"

"पाणी," तिचा भाऊ म्हणाला.

काकूने जुन्या मोजपट्टीचा तुकडा काचेला बाहेरून चिकटवला होता. नवरा रोज सकाळी, नाहीतर केंद्रातून आल्यावर दुपारी, पट्टीवरच्या खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचा. आधी टाकीला, मग स्वतःच्या बाटलीतलं स्वतःला. त्या दोघांनी याबद्दल कधी काही ठरवलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी यंत्रावर असतानाच त्याचा रक्तदाब खाली गेला. तिने त्याला घरी आणलं तेव्हा चार वाजून गेले होते. तो भिंतीकडे तोंड करून निजला. शनिवारी उठला नाही. दोन घास खाल्ले, बाटली हातात घेतली नाही. डॉक्टरांशी तिचं फोनवर बोलणं झालं. सोमवारपर्यंत थांबू, पडून राहू दे, ते म्हणाले. तिने "बरं" म्हटलं.

पाणी पट्टीवर पाव इंच खाली आलं होतं. रविवारी सकाळी अर्धा इंच. पातळी उतरली की फिल्टरमधून पडणाऱ्या धारेचा आवाज वाढतो. एरवी ऐकू न येणारा तो आवाज आता शिलाई मशीनच्या आवाजातही ऐकू येत होता. गोड्या पाण्याचा कॅन टाकीखालीच होता, भरलेला. तिला उचलता येण्याजोगा. ती एका पॅन्टची घडी उसवत बसली. उसवून झाली, खडूने नवी रेघ मारली, टीप घातली. कॅनकडे तिने बघितलं, पण ती उठली नाही.

अकराच्या सुमाराला आतून हाक आली. "आवाज येतोय."

"येतोय."

"तू घातलं नाहीस?"

"ते माझं काम नाही."

तिने दुसरी पॅन्ट घेतली. मग पलंग करकरला. तो भिंत धरत आला, स्टुलावर बसला, आणि कॅनमधून मगात ओतून घेऊन थोडं थोडं पाणी टाकीत सोडू लागला. एक मग झाला की थांबायचा, श्वास घ्यायचा. तिने मदत केली नाही. शेवटच्या मगानंतर धारेचा आवाज विरत गेला आणि खोलीत मशीनचा उरला.

"खुणेपर्यंत आलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"आलं." तो तिथेच बसून राहिला. "माझं किती राहिलंय?"

तिने बाटली उजेडात धरली. तिन्ही दोरे पाण्याखाली होते. "सगळंच."

"अर्धा कप दे."

तिने दिलं. ते घोट घोट पिऊन त्याने कप मशीनच्या कडेला ठेवला.

"अजून दोन आठवडे," तो टाकीकडे बघत म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "पाय आवरा जरा, पॅन्ट खाली लोळतेय."