ज्याचा फिल्टर, त्याचा डोळा पहिला

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. घरात सुतळीचे तुकडे, जुन्या किल्ल्या, पेनांची टोपणं जमतात ना, तसे ते आपोआप जमतात. अन् एक ओढायला गेलं की दहा बाहेर येतात! आमचं दुर्बीण मंडळ म्हणजे चार माणसं आणि एक दुर्बीण. नाव नाही, बॅनर नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. पण किस्से विचाराल तर पोतंभर.

आधी माणसं सांगतो. मी देवळीच्या बसस्टँडवर कंट्रोलर होतो, आता रिटायर. बोरगाव मेघेला घर, घराला गच्ची, म्हणून मंडळात मला मान. प्रभाकरभाऊ ढोले यांचं देवळीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेनं गुंडाळून देतात. दुर्बीण त्यांनीच बनवली, आरसासुद्धा स्वतः सहा महिने घासून. उईके मॅडम आष्टीकडच्या शाळेत विज्ञान शिकवतात. आणि बबनराव. बबनराव म्हणजे कापूस, सोयाबीन आणि अखंड बडबड.

तारे काय, सगळेच पाहतात. आमचं वेड दिवसाचं. सूर्य! त्याच्यावर काळे डाग येतात, कधी एक, कधी दहा, कधी काहीच नाही. ते मोजायचे, वहीत गोल काढून त्यात मांडायचे. कशासाठी, ते विचारू नका. माझ्या बायकोनं विचारणं सोडून दिलं आहे.

*

सूर्याकडे साध्या दुर्बिणीतून पाहिलं की डोळा संपला, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रभाकरभाऊंना ते एक दिवस उशिरा समजलं.

कॉलेजात असताना ग्रहण आलं. यांनी काचेवर रॉकेलच्या चिमणीची काजळी धरली, चष्म्याच्या काचा जोडून हातभर दुर्बीण केली आणि लावला उजवा डोळा. दुखलं नाही, खुपलं नाही. सकाळी उठून पाहतात तर आईच्या चेहऱ्याच्या मधोमध काळा डाग. तो आजपर्यंत गेला नाही.

भाऊ त्याचंही हसंच करतात. डावा डोळा हातानं झाकायचा, माझ्याकडे पाहायचं आणि म्हणायचं, "कंट्रोलरसाहेब, तुमचे कान दिसते, नाक नाई. चांगलंच हाय म्हना, नाकापेक्षा कान बरे!"

पण त्या दिवसापासून चाळीस वर्षं हा माणूस सूर्याला पाठ करून उभा. स्टँड हा बनवणार, सूर्याचा उजेड गाळणाऱ्या फिल्टरची चौकट हा बनवणार, आम्हाला सूर्य हा लावून देणार, आणि स्वतः मात्र बाजूला. "मले एकच डोळा हाय बाप्पा. थो म्या सांभाळून ठेवला हाय."

मंडळाचा एकुलता एक नियमही त्यांचाच. ज्याचा फिल्टर, त्याचा डोळा पहिला. ज्यानं आणला त्यानं आधी पाहायचं, मग दुसऱ्यांनी. दुसऱ्याच्या डोळ्यावर प्रयोग नाही! त्यामुळे भाऊंनी स्वतःचा फिल्टर कधी आणला नाही, हे वेगळं सांगायला नको. ह्या माणसाला एकदा तरी सूर्य दाखवायचा, हे आम्हा तिघांच्याही मनात होतं. तोंडावर कोणी बोलत नसे.

*

पहिल्याच दिवसाची गोष्ट. फिल्टर लावून नळी सूर्याकडे केली. मॅडमनं पाहिलं, काळोख. मी पाहिलं, काळोख. बबनराव नळी धरून गच्चीभर फिरले. फिल्टर लावला की सूर्याशिवाय दुसरं काहीच दिसत नाही, त्यामुळे सूर्य कुठं आहे तेच कळत नाही! अर्धा तास गेला. चौघंही घामाघूम.

शेजारचे काका त्यांच्या गच्चीवर मिरच्या वाळवत होते. त्यांना राहवलं नाही. "काय हरपलं जी?"

बबनराव ओरडले, "सूर्य!"

काकांनी एकदा वर पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं आणि मिरच्या गोळा करून खाली गेले.

शेवटी प्रभाकरभाऊंनी युक्ती काढली. सूर्याकडे पाठ केली, जमिनीवर पडलेली नळीची सावली पाहिली आणि ती सगळ्यात लहान, गोल होईस्तोवर नळी हलवली. "पाहा आता." मॅडमनं डोळा लावला आणि "अय्या!" म्हणून किंचाळल्या. न पाहता सूर्य लावणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

*

बबनरावांच्या टोपीचा किस्सा तर माझी नातवंडं अजून सांगायला लावतात.

दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते, नेम धरायची. फिल्टर लाइटपाशी धरून भोक-बिक तपासलं, मोठीला लावला, चहूकडून टेप मारला. सगळं झालं. छोटीवर झाकण घालायचं कोणालाच सुचलं नाही! बबनराव वाकून मोठीतून पाहत होते, "वा! काय गोल हाय, जसा पापड!" आणि छोटी आपली त्यांच्या टोपीवर उन्हाचा ठिपका पाडून उभी.

थोड्या वेळानं बबनरावांनीच नाक वर केलं. "काऊन हो, कापूस जळून राह्यला वाट्टे कुठंतरी!"

कापूसवाल्याचं नाक ते! घरी दहा क्विंटल कापूस पडलेला. बबनराव तसेच जिन्याकडे पळाले. मी मागून ओरडतोय, "बबनराव, टोपी! टोपी!" ते म्हणतात, "टोपी असू द्या, कापूस महत्त्वाचा!" गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा त्यांना डोक्यावर चटका बसला.

त्या टोपीला रुपयाएवढं भोक पडलं. काकू म्हणजे बबनरावांची बायको. त्यांनी भोकात बोट घालून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चाला, एवढ्या वर्षात पह्यल्यांदा डोक्यातून काही निंगालं!"

*

मग वेल्डिंगच्या काचेचे दिवस आले. काच चांगली होती, पण त्यातून सूर्य दिसे हिरवागार. उईके मॅडमनं हौसेनं आष्टीच्या आठवडी बाजारात दुर्बीण मांडली. "या, सूर्य पाहा! फुकट!" फुकट म्हटल्यावर रांग लागली. भेदरं म्हणजे टमाटे घेणारे, कोंबड्या विकणारे, सगळे.

एक आजी आल्या. पदर खोचला, काठी माझ्या हातात दिली, चांगलं मिनिटभर पाहिलं. मग सरळ झाल्या आणि फार काळजीनं मॅडमना म्हणाल्या, "पोरी, याले तं बुरशी लागली!"

मॅडम समजावू लागल्या, आजी, तो काचेचा रंग आहे. आजींना पटलं नाही. जाताना मागे वळून सांगून गेल्या, "ऊन दाखवजो त्याले."

*

बबनरावांना नवीन फिल्टरचं वेड होतं. एकदा मॅडमनं सूर्य पाहायची चांदीसारखी पातळ फिल्म बाहेरून मागवली, तर हे चिवड्याच्या पुड्याची आतली चांदी घेऊन आले. "कायले बाहेरून मागवता? हे काय वाईट हाय? तशीच तं चमकते!"

प्रभाकरभाऊंनी पेटलेला बल्ब दाखवला. बबनरावांनी पुडा डोळ्यापुढे धरला आणि बल्बवर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं, कंपनीच्या नावासकट!

"आता नियम माहीत हाय ना?" भाऊ म्हणाले. "फिल्टर तुमचा. चाला, सूर्यापाशी."

बबनरावांनी पुडा खिशात घातला. "राहू द्या. आज ढग हाय."

आभाळात ढगाचा टिपूस नव्हता.

बबनराव गेले त्याला दोन वर्षं झाली. झोपेतच गेले. त्यानंतर बरेच महिने दुर्बीण माझ्या जिन्याखाली कापड पांघरून पडून होती. तिघंच कुठं मंडळ होतं? मी दोनदा कापड काढलं, पुसलं आणि परत पांघरलं. खरं सांगतो, गच्चीवर ती बडबड नाही म्हटल्यावर सूर्य पाहायची इच्छाच होत नसे.

*

ह्या जानेवारीत प्रभाकरभाऊंचा फोन आला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. म्हणजे चांगल्या डोळ्यात. "पुढल्या हप्त्यात ऑपरेशन हाय साहेब. डॉक्टर म्हनते काई होत नाई. पन मले एकच हाय ना."

मी म्हटलं, "भाऊ, सगळं ठीक होईल."

त्यांनी विषय बदलला. "मॅडमनं थे चांदीची फिल्म बोलावली होती ना, पडून हाय का? घेऊन याले सांगा. चौकट मी बनवतो."

रविवारी सकाळी तिघं गच्चीवर जमलो. सोबत भाऊंच्या पत्नी, निर्मलावैनी, उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा डबा घेऊन. भाऊंनी वैनींच्या भरतकामाच्या रिंगेत फिल्म बसवली होती. ताणलेली नाही, सैल, जशी पाहिजे तशी. बल्बपाशी धरून चारदा पाहिली. एक भोक नाही. नळीच्या तोंडावर बसवून टेप मारला, छोट्या दुर्बिणीवर झाकण घातलं, वरून फडकंही बांधलं. सावलीवरून सूर्य लावला. मग आपल्या सवयीनं बाजूला झाले.

"फिल्टर कोणाचा?" मी विचारलं.

"मॅडमचा," भाऊ म्हणाले.

"वा भाऊ! नुसती फिल्म माझी," मॅडम म्हणाल्या. "फिल्टर तुम्ही बनवला."

"रिंग हिची हाय."

वैनींनी डबा खाली ठेवला. "मंग मीच पाह्यतो पह्यले. सरका!" आणि खरंच स्टुलावर जाऊन बसल्या, डोळा लावायला वाकल्या.

भाऊंनी झटकन त्यांचा दंड धरला. "थांब! तू नको!"

"काऊन? तुमीच तं बनवला."

भाऊंनी वैनींना हाताला धरून उठवलं आणि त्यांच्या जागी स्वतः बसले. दोनदा डोळा जवळ नेला, दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा लावला.

आम्ही वाट पाहतोय.

"दिसला का?" मी विचारलं.

"दिसला." आवाज इतका बारीक की मला पुढे व्हावं लागलं. "मधात डाग हाय."

"सूर्यावरचा असेल, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"बरोबर मधात हाय मॅडम. उजव्याले असाच आलता." मग फक्त ओठ हलले. "गेला. हाही गेला."

वैनी त्यांच्या स्टुलापाशी खाली बसल्या. मी नोकरीत गाड्यांच्या अपघाताचे फोन घेतले आहेत, पण तेव्हा पुढं काय करायचं ते मला ठाऊक असे. ही गच्ची माझी, फिल्म आणायला सांगितलं मी, हेच डोक्यात. मी म्हटलं, "भाऊ, डोळा काढा, आधी डोळा काढा!" ते काढेनात. काढायची हिंमतच नव्हती. काढला आणि समोर वैनींच्या तोंडावर तोच डाग दिसला तर?

उईके मॅडमनं मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वर्गात पोराला सांगतात तशा शांतपणे म्हणाल्या, "काढू नका. नजर हलवू नका. दुर्बिणीलाही हात लावू नका. जिथं पाहताय तिथंच पाहत राहा."

"कायले आता?"

"दोन मिनिटं. माझ्यासाठी."

अख्ख्या तालुक्याच्या मोटारी गुंडाळणाऱ्या माणसाच्या दुर्बिणीला स्वतःची मोटर नाही. पृथ्वी फिरते, दुर्बीण जागच्या जागी राहते आणि सूर्य हळूहळू सरकत नळीतून बाहेर जातो. दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा लावावा लागतो. ह्यावरून मी भाऊंना किती वेळा बोललो असेन!

कोणी हललं नाही. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"सरकून राह्यला," भाऊ म्हणाले.

"कोण?"

"सूर्य. काठाले चालला."

"आणि तुमची नजर?"

"जाग्यावरच हाय."

"मग डाग कुठं आहे, भाऊ? नजरेपाशी, का सूर्यापाशी?"

मी भाऊंच्या तोंडाकडे पाहत होतो. गालावरून पाणी वाहत होतं, पण डोळा त्यांनी मिटला नाही. मग एकदम वैनींचा हात शोधू लागले, सापडला तसा घट्ट धरला आणि ओरडले, अशा आवाजात की शेजारचे काका गच्चीवर आले,

"निर्मले! घेऊन चालला वो! थो त्याचा डाग घेऊन चालला!"