जाळी धुणारा पाहुणा

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. आमच्या घरात तर अजून हसतात. पण दुसऱ्या कोणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान चहा तरी मला सुखाने पिता येईल.

मी रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेत पस्तीस वर्षं काढली. टेबलासमोर माणूस येऊन बसला की त्याने तोंड उघडायच्या आत तो कोण, कशाला आलाय, हे मी ओळखायचो. निदान मला तसं वाटायचं. निवृत्त झाल्यावरही ही सवय गेली नाही. दारात कोणी आलं की नाव विचारायचं हे मला कमीपणाचं वाटे. विचारायचं काय त्यात? दिसतंय की.

तर झालं असं. आमच्या हिला दोन महिने सकाळचा खोकला लागला होता. औषधं झाली, काढे झाले, खोकला हटेना. शेवटी डॉक्टरांनी भलताच प्रश्न विचारला. म्हणाले, "घरात एसी आहे?"

"आहे. बेडरूममध्ये."

"त्याच्या जाळ्या शेवटच्या कधी धुतल्या?"

मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे पाहिलं. एसीला जाळ्या असतात आणि त्या धुवायच्या असतात, हे आम्हाला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण ते बसवताना दिलेल्या पुस्तकात असणार, आणि ते पुस्तक हिने कपाटाच्या पायाखाली टेकण म्हणून लावलं होतं.

"आधी तो उघडून साफ करा," डॉक्टर म्हणाले. "मग पुढचं औषध."

मी त्याच दिवशी दुकानात जाऊन सांगून आलो. दुकानदार म्हणाला, "रविवारी सकाळी आमचा पावसचा माणूस पाठवतो. स्वतः मेस्त्री आहे, बघून करील सगळं."

आता इथे नीट लक्ष द्या. त्याच रविवारी दुपारी चार वाजता आमच्या प्रसादसाठी आलेल्या स्थळाकडून मुलीचे वडील घर बघायला येणार होते. तेही पावसचे. आंब्याची बाग, मुलगी शिकलेली, फोटोवरून प्रसादला पसंत. प्रसाद एकतीस वर्षांचा. आधीची चार स्थळं कुठल्या ना कुठल्या कारणाने मोडलेली. हल्ली आमच्याकडे मुलासाठी मुलगी मिळणं किती कठीण झालंय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यामुळे ही आठ दिवस पडदे धूत होती. व्हिडिओ कॉलवरचं सगळं बोलणं हिनेच केलेलं. मी त्या मुलीच्या वडिलांचा, मुकुंदरावांचा, चेहराही पाहिला नव्हता की आवाजही ऐकला नव्हता.

रविवारी सकाळी ही प्रसादच्या गाडीवर मागे बसून बाजारात गेली. जाताना बजावून गेली, "मेस्त्री आला तर त्याच्यापाशी उभे राहा. आणि दुपारच्या पाहुण्यांसाठी वड्या केल्यात, त्यांना हात लावू नका."

दहा मिनिटांत फाटकाशी स्कूटर थांबली. पन्नाशी उलटलेला माणूस, रापलेला, शर्टावर जुने डाग, हातात जड पिशवी. मी ओळखलंच. मेस्त्री.

"पावसहून आलोय," तो म्हणाला. "आज यायचं ठरलं होतं ना? जरा लवकर आलो. सकाळीच इकडे काम होतं."

"लवकर आलात ते बरंच केलंत. तुमचीच वाट बघत होतो. पाय मात्र पुसून या."

त्याने पाय पुसले. पिशवी कोपऱ्यात ठेवली. अवजारं असणार, मी मनात म्हटलं. खुर्चीच्या कडेवर बसला आणि इकडेतिकडे बघायला लागला.

"तर," जरा घसा साफ करून त्याने विचारलं, "कसा आहे तो?"

"तसा चांगला आहे. एकदम थंड."

"थंड असलेला बरा. हल्ली फार तापट निघतात."

मला हा माणूस समजूतदार वाटला. म्हटलं, याच्यापासून काही लपवायचं नाही.

"पण एक सांगतो, गेलं वर्षभर रात्री घुरघुरतो. आणि पाणी गळतं."

"पाणी? कुठून?"

"तोंडातून. खाली टॉवेल ठेवावा लागतो."

तो पुढे सरकला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टरांना काही विचारलंत?"

"त्यांनीच तर सांगितलं, उघडून साफ करा म्हणून."

"उघडून?"

"हो. तीन वर्षांत एकदाही उघडलेला नाही. आत काय काय साठलं असेल, कल्पना करा."

त्याने रुमालाने कपाळ पुसलं. म्हणाला, "तुम्ही हे सगळं इतकं स्पष्ट सांगताय, हे विशेष आहे."

"लपवून काय उपयोग? उद्या तुम्हालाच दिसणार."

"याआधी कोणी येऊन बघून गेलं होतं का?"

"चिपळूणचे एक आले होते मागे. वरवर पाहिला आणि म्हणाले, याच्यात आता काही दम नाही, दुसरा बघा. मी म्हटलं, असं कसं? अजून पाच-सात वर्षं आरामात काढील."

"पाच-सातच?" तो म्हणाला. आणि उठायलाच लागला.

मला वाटलं कामाला लागतोय. मी त्याला बेडरूमकडे नेलं. आत येऊन त्याने पलंगाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, दाराच्या मागेही पाहिलं.

"कुठे आहे तो?"

"हा काय वर."

त्याने मान वर केली आणि भिंतीवरच्या एसीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की काय सांगू. मनात म्हटलं, मेस्त्र्याला काम सोपं दिसतंय. मी स्टूल पुढे सरकवलं.

तो क्षणभर स्टुलाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "मी चढू?"

"मग कोण, मी?"

तो चढला. बिचाऱ्याने चढायच्या आधी मेन स्विच बंद केलाय का, ते मात्र आठवणीने विचारलं. दोन्ही बाजूंनी धरून त्याने पुढचं झाकण वर उचललं आणि आतल्या जाळ्या खाली ओढल्या. जाळ्या कसल्या हो, करड्या रंगाची गोधडीच ती. अर्धी त्याच्या शर्टावर आली, अर्धी पलंगावर. दोघेही खोकायला लागलो. बाहेर धूळ जाऊन शेजारचे बघतील म्हणून मी खिडकी लावायला धावलो.

"अहो, लावताय काय? उघडा ती," तो स्टुलावरून म्हणाला. "एसी आतलीच हवा नुसती थंड करतो, नवी थोडीच आणतो? खोली कधी उघडता की नाही?"

खिडकी आम्ही तीन वर्षं उघडली नव्हती. धूळ येते म्हणून. कपाटामागच्या भिंतीवर हिरवट बुरशी धरली होती, ती त्यानेच मला दाखवली. मेस्त्र्याने मला शिकवावं, हे काही मला रुचलं नाही.

"तुम्ही ते जरा सांभाळून काढा," मी म्हटलं. "चादर खराब केलीत. काम शिकलात कुठे?"

"आमच्याकडे फवारणीचे पंप असतात ना, त्यांच्या जाळ्या मीच धुतो."

मला वाटलं, जोडधंदा असेल.

त्याला मी मागीलदारी नळावर पाठवलं. चहा केला. आणि आता एक सांगतो, जे मला आजही सांगवत नाही. आमच्याकडे कामाच्या माणसांसाठी एक वेगळा, कान तुटलेला कप होता. त्यातच नेऊन दिला. त्याने जाळी बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी कप धरून, पायरीवर बसून तो चहा घेतला. "छान झालाय," असंही म्हणाला.

तेवढ्यात पुढे कोणी हाक मारली. जाऊन बघतो तर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा, हातात छोटी बॅग, पिकलेले केस. मी जागच्या जागी ताठ झालो. मुलीचे वडील. चारला यायचे ते अकराला.

"मी पावसहून आलो," ते म्हणाले. "पुढे एका साखरपुड्याला जायचंय, म्हटलं तुमचं आधी उरकून घेऊ."

उरकून घेऊ हा शब्द मला जरा खटकला. पण मुलीचा बाप, काही बोलता येतं का? मी त्यांना सोफ्यावर बसवलं, पंखा पाचवर केला, कोकम सरबत दिलं, आणि ज्यांना हात लावायचा नव्हता त्या वड्यांचं ताट समोर ठेवलं. त्यांनी गोंधळून एक उचलली.

"आधी काम बघू या का? किती टनाचा आहे?"

मी हसलो. बागायतदार माणूस, थट्टेखोर असणार. "तसा अंगाने भरलेला आहे, पण टनात नको मोजायला."

"नाही, म्हणजे एक, दीड?"

"हे बघा, घरचं खाणं आहे. लग्नानंतर उतरेल."

त्यांनी वडी ताटात परत ठेवली. "बरं. वर्षं किती झाली?"

"एकतीस पूर्ण."

"एकतीस? आणि अजून चालतो?"

"चालतो काय, पळतो. रविवारी क्रिकेट असतं त्याचं."

ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी समजुतीच्या सुरात, लहान मुलाशी बोलावं तसं, म्हणाले, "काका, मध्ये कधी गॅस भरला होता का?"

आता हा प्रश्न सोयरिकीच्या बोलण्यात कोण विचारतं? तरी मी प्रामाणिकपणे सांगितलं, "चणाडाळ खाल्ली की थोडा होतो. पण ओवा दिला की जातो."

त्यांनी बॅग उचलून मांडीवर घेतली. घरात दुसरं कोणी आहे का, असं विचारायला लागले. मी म्हटलं, "मागे एक मेस्त्री काम करतोय, तेवढाच."

"मेस्त्री? मग मला कशाला बोलावलंत?"

मी वड्यांचं ताट उचलून पुन्हा त्यांच्यापुढे करत असतानाच मागच्या दाराने ही आणि प्रसाद आत शिरल्याचा आवाज आला. पाठोपाठ हिचा स्वर. मी चाळीस वर्षांत असा ऐकला नव्हता.

"अहो मुकुंदराव, तुम्ही? आणि हे काय करताय?"

मागून उत्तर आलं, "जाळी धुतोय. सावलीत वाळत घालू ना? उन्हात वाकडी होईल."

मी ताट हातात घेऊन उभा होतो. ते ताट कुठे ठेवायचं, तेही सुचेना. सोफ्यावरच्या माणसाने शांतपणे खिशातून कागद काढून मला दाखवला. त्यावर माझं नाव, पत्ता, आणि खाली लिहिलेलं: एसी, पाणी गळते.

मग मागीलदारी जे झालं ते थोडक्यात सांगतो. मी हात जोडले.  मुकुंदराव हात पुसत उभे राहिले. पायरीवर तो कप होता. हिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तो कप उचलून ती आत घेऊन गेली, तेच जास्त लागलं.

"अहो, पण तुम्ही मला अडवलं का नाहीत?" मी शेवटी विचारलं.

"स्टूल पुढे केलंत, मग नाही म्हणवेना. वाटलं, घरचं माणूस समजून सांगताय." मग ते प्रसादकडे बघून हसायला लागले. "आणि खरं सांगू? तोंडातून पाणी गळतं ते मुलाच्या नव्हे हे कळल्यावर मला इतकं हायसं वाटलं, की तुम्ही सांगितलं असतं तर मी कौलंसुद्धा शाकारून दिली असती."

प्रसादला काहीच कळलं नाही. त्याने मुकाट्याने आपला एक धुतलेला शर्ट त्यांना आणून दिला आणि जाळ्या वाळत घातल्या. खऱ्या मेस्त्र्याने आतलं सगळं साफ केलं, पाणी जायची नळी तुंबली होती ती मोकळी केली, आणि जाताना मुकुंदरावांना म्हणाला, "जाळी चांगली धुतलीत. दर दोन आठवड्यांनी एवढं केलंत तर मला यायला नको." मुकुंदरावांच्या त्या जड पिशवीत कैऱ्या होत्या. आमच्यासाठी आणलेल्या.

हिचा खोकला पंधरा दिवसांत पुष्कळ कमी झाला. खिडकी आता रोज सकाळी उघडते. जाळ्या मी स्वतः धुतो. तशी सक्तीच आहे.

आणि स्थळाचं काय, विचारताय ना? जमलं. मुलगी आली, बघून गेली, दोघं बोलली, पसंती झाली. मग आम्ही रीतसर पावसला जायचं ठरलं. हिने निघताना मला एकच सांगितलं. "तिथे मुलीचे थोरले काका आहेत, मानाचे फार कडक आहेत. त्यांना आधी नमस्कार करा, आणि कोणालाही कमी लेखू नका."

मी मनाशी पक्कं ठरवलं. आता कोणीही दिसो, आधी वाकायचं.

पावसला पोचल्यावर प्रसाद गाडी लावत होता, ही पदर सारखा करत होती, तेवढ्यात मी शाल आणि नारळ घेऊन पुढे झालो. मुकुंदरावांच्या अंगणात आंब्याच्या पेट्यांशेजारी खुर्चीत एक वयस्क, टक्कल पडलेले, करारी चेहऱ्याचे गृहस्थ बसले होते. ओळखायला कितीसा वेळ? मी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि पार वाकून म्हटलं, "आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आता सगळं तुमच्याच हाती."

त्यांनी शाल चाचपून पाहिली, नारळ कानाशी धरून हलवला, आणि रस्त्यावरच्या पुण्याच्या गाडीकडे वळून हाक दिली, "अगं, अजून दोन पेट्या घेऊ या. इथे पेटीमागे शाल आणि नारळ देतायत."