गाडीखालचा चहा

निवृत्त कारकून एका ओट्यावर बसले की किस्से आपोआप निघतात. आमच्या जव्हारच्या कचेरीचे निम्मे किस्से तर एका मोटारीच्या पोटातून निघाले. संस्थान विलीन झालं, तेव्हा मोटारखान्यातली ही म्हातारी गाडी सरकारजमा झाली आणि मामलेदारांच्या दिमतीला आली. तिच्याबरोबर आले ड्रायव्हर दाजी. मी तेव्हा नवा कारकून. गाडीचं तेलपाणी माझ्या टेबलाकडे होतं, म्हणून दाजीही माझ्याच टेबलाकडे.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी मोडीत निघाली तर दाजींची बदली ठाण्याला होणार, असं वरून कळवून झालं होतं. दाजींचा जन्म जव्हारचा, सासुरवाडी जव्हारची, आणि ठाण्याचा त्यांना मनापासून धसका. "तिथं माणसं गाडीसमोरून जातात आणि वर आपल्याकडंच डोळे वटारून बघतात," म्हणायचे. त्यामुळे त्या गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे दाजींचा जीव. आणि गिअरबॉक्स कायमचा गळका!

*

गिअरचं तेल बघायचं तर गाडी सपाट जागी उभी हवी. मोखाड्याच्या फिरतीवर दाजींना पसंत पडणारी सपाट जागा एकच, तिथल्या कचेरीसमोरचं अंगण. तिथं ते गाडीखाली शिरायचे, गिअरबॉक्सच्या बाजूचं बूच काढायचे आणि भोकात बोट घालून तेल कुठवर आहे ते बघायचे. बाहेर दिसायचे फक्त खाकी विजारीतले पाय.

एकदा सूर्यमाळचे एक आजोबा गाऱ्हाणं घेऊन आले. साहेब जेवायला गेलेले. आजोबा त्या पायांसमोर उकिडवे बसले आणि विहीर आटल्याची सगळी कहाणी त्यांनी पायांना सांगितली. दाजी आतून "हं, हं" करत होते. मी नंतर आजोबांना म्हटलं, "अहो, ते साहेब नव्हते. ड्रायव्हर होते."

"असंल," आजोबा म्हणाले. "पन पुरा आयकून घेतला त्यानी. मधीच उठला नाय."

*

दाजी मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. बदली ड्रायव्हर ताडमाड उंच, बोटं लांबसडक. दाजींनी त्याला बजावलं होतं, बोट आत वाकवून टोकाला तेल लागलं की समजायचं, ठीक आहे. त्याच्या बोटाला रोज तेल लागायचं. दाजी परत आले तेव्हा गाडी दुसऱ्या गिअरमध्ये केकाटत होती.

मामलेदार भडकले. "रजेवर जाताना माप ठेवून जायला काय झालं होतं?"

दाजींनी आपलं आखूड, जाडजूड बोट वर करून दाखवलं. साहेबांनी ते आपल्या बोटाशी लावून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे. इथून पुढं रजा घेत जाऊ नका."

*

गाडी जिथं थांबे तिथं तेलाचा डाग. एकदा मामलेदारांनी घरी सांगितलं, मोखाड्याला काम आहे, यायला उशीर होईल. संध्याकाळी बाईसाहेब शेजारणींबरोबर गावाजवळच्या शिरपामाळला फिरायला गेल्या. तिथं झाडाखाली ताजा डाग, आणि बाजूला पत्त्यांतली इस्पिकची राणी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दार लोटलं. "गिअरबॉक्सची गळती बंद करायला काय लागेल ते सांगा," म्हणाले. "खर्चाकडे बघू नका."

*

पावसाळ्यात घाट बंद पडला आणि नाशिकहून येणारं गिअरचं तेल अडकलं. आमचा क्लीनर काळूदादा सूर्यमाळचा. त्यानं घरून मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा आणला. दाजी आधी त्याच्या अंगावर धावून गेले, मग गुपचूप तेच ओतलं. गाडी गुळगुळीत चालली. फक्त ती समोरून गेली की मागं कुणी वडे तळतंय असं वाटे.

पुढं थंडी पडली. सूर्यमाळच्या मुक्कामी सकाळी गिअरचा दांडा जागचा हलेना. दाजींनी तो दोन्ही हातांनी ओढला, शिव्या दिल्या, शेवटी देवाला नारळ कबूल केला. काळूदादाची बायको दारातून बघत होती. ती म्हणाली, "तेल थिजला हाय. चुलीजवल घ्या तिला."

गाडी काही चुलीजवळ जाईना. म्हणून घमेलंभर निखारे गाडीखाली सरकवले. थोड्या वेळानं दांडा निमूट फिरला.

*

आणि ऐन थंडीत ठाण्याहून तपासणीचे साहेब आले. गाडी ठेवायची की मोडीत काढायची, हे त्यांच्या हातात. दाजी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

सकाळी साहेबांनी गाडीखाली डोकं घातलं. जमीन कोरडी ठाक! त्यांनी बूच काढून बोट घातलं, तर ते आत जाईना.

"तेल अगदी गच्च भरलंय," साहेब खूश झाले. "गळती अजिबात नाही. आता चालवून दाखवा."

दाजी म्हणाले, "साहेब, आधी चहा."

"मी चहा घेत नाही."

"नका घेऊ. पण झाला पाहिजे. पाहुणा आला की इथं गाडीखाली चहा ठेवतात."

मामलेदारांनी मान खाली घातली. काळूदादानं शेगडी पेटवून बरोबर गिअरबॉक्सखाली सरकवली आणि वर पातेलं ठेवलं. चहा उकळला, आम्ही सगळ्यांनी प्यायला, आणि गाडीनं गावाला झकास फेरी मारली.

साहेबांची स्वतःची जीप मात्र अंगणभर ठिपके टाकत होती. दुपारी ते म्हणाले, "दाजी, तुमचंच तेल आमच्या जीपच्या गिअरबॉक्समध्ये भरा."

"साहेब, थंडीत ते जरा..."

"भरा म्हटलं ना. रिपोर्ट मी उद्या ठाण्याला पोचल्यावर लिहीन."

दाजींनी भरलं. साहेब रात्री विश्रामगृहावर राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडतोय तोच विश्रामगृहाचा शिपाई धापा टाकत आला. "दाजी, साहेबांनी चहा करायला बोलावलंय."

मी म्हटलं, "अरे, ते चहा घेत नाहीत."

"मीपन तेच म्हनलो. तर बोलले, शेगडी घिऊन जीपपाशी या. आनि रिपोर्टाचा कागद पन आना, चहा उकलेपर्यंत लिवून टाकतो."